थाप मारली की उघडतं

आमच्या डिंगोऱ्यात अडकलेल्या वस्तूवर एकच इलाज आहे, थाप. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर धरेना, मारा थाप. टीव्हीवर मुंग्या आल्या, मारा थाप. जीपची काच खाली येईना, तर एका तळव्याने काच दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने दाराच्या पोटात एक द्यायची, जराशी तिरकी, कोपऱ्यावर. काच निमूट उतरते. या विद्येत माझा हात इतका बसलाय की ओतूरपासून मढपर्यंतचे जीपवाले मला पुढच्या सीटवर बसवतात. मान म्हणून बसवतात, असं मी घरी सांगतो.

तर भाच्याचा फोन आला, "मामा, विमानात बसायला येता का?"

भाचा एका खासगी विमानावर पायलट आहे. मालक कोण, धावपट्टी कुठली, ते त्याच्या नोकरीखातर सांगत नाही. विमान म्हटल्यावर मी शिडी, हवाई सुंदरी, लिमलेटची गोळी असं सगळं मनाशी धरून गेलो होतो. प्रत्यक्षात निघालं चार माणसांचं, पुढे एकच पंखा, आणि दार लावल्यावर पत्र्याच्या ट्रंकेसारखा आवाज. वजन विचारलं तर म्हणाला, "रिकामं असेल तर साताठशे किलो." म्हणजे आमच्या गोठ्यातल्या दोन जर्सी. तेवढ्यावर भरवसा ठेवून आभाळात जायचं होतं.

मे महिना, दुपारचे बारा, विमान सकाळपासून उन्हात. आत बसलो आणि कांद्याला कसं वाटत असेल ते कळलं. विमानातलं मला कळत नाही, पण कांद्याचं कळतं. चाळ बांधताना तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्यायचा, खाली फटी ठेवायच्या, बाजूंना पट्ट्या मारायच्या. खालून गार हवा शिरली पाहिजे आणि वरून गरम निघून गेली पाहिजे. ही वाट अडली की कांदा आधी घामेजतो, मग काळा पडतो, मग वास सुटतो. तशी गुदमरायची मला सवय आहे. बिबट्याच्या भीतीने आमच्या घरच्या खिडक्या दिवेलागणीलाच बंद होतात. पण इथे पाच मिनिटांत माझी घामेजायची पायरी संपत आली होती.

"हवा कुठून येते रे?"

भाच्याने समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे लाटण्याहून जराशी जाड अशी प्लास्टिकची नळी होती. तिची वाट बाहेर पंखाच्या पुढच्या कडेला उघडते. विमान पळायला लागलं की वारा आपसूक आत घुसतो. नळी ओढली की वारा चालू, ढकलली की बंद. मोटर नाही, वायर नाही, फ्यूज नाही. मला तर ही आमच्याच कुणा चाळवाल्याची अक्कल वाटली. एसीचं विचारलं, तर म्हणे वजन परवडत नाही. "आणि वर गेल्यावर गारच होतं मामा, हजार फुटाला साधारण दोन अंश."

त्याच्या बाजूची नळी सटकन बाहेर आली. माझी हलेना. मी हात उगारला.

"मामा, नको!" त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी जत्रेतला पाळणा वर गेल्यावर धरायचा, तसंच घट्ट.

"अरे, साधी नळी आहे. खोबरेल लावू."

"तेलाला धूळ चिकटते."

"मेणबत्ती फिरवू."

"मामा."

"साबण?"

विमानातली अडकलेली वस्तू कुणीही उठून दुरुस्त करायची नसते म्हणे. त्यासाठी परवान्याचा इंजिनिअर लागतो आणि त्याची वहीत सही लागते. मी म्हटलं, "कांदिवलीला चारकोपच्या गच्चीवर अमोल यादवांनी अख्खं सहा सीटचं विमान बांधलं, आणि आपल्याला एक नळी निघत नाही?" त्यावर तो म्हणाला, "बांधलं. 2016 साली बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलंही. पण डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमानखात्याची, नोंदणी मिळाली 2017 च्या नोव्हेंबरात. त्यांनीही थाप नाही मारली, कागदच फिरवले."

वर त्याने असंही ऐकवलं की अशा विमानातला हीटर धुराच्या नळकांड्याभोवतीची हवा तापवून आत सोडतो. नळकांडं तडकलं तर त्या हवेबरोबर विषारी वायू येतो. त्याला ना रंग ना वास, माणूस नुसता पेंगायला लागतो. अशा वेळी आधी हीटर बंद करायचा आणि ही नळी उघडायची. मी उगारलेला हात मांडीखाली घेतला.

दीड तासाने इंजिनिअर स्कूटरवरून आला. नळीला हातही न लावता त्याने बाहेर जाऊन पंखाच्या कडेला टॉर्च मारला आणि तिथूनच विचारलं, "किती दिवस उभं होतं?"

"बारा."

"मग बिऱ्हाड झालंय."

त्याने आत येऊन दोन स्क्रू काढले, नळी हलकेच पिळली, आणि माझ्या धोतरावर मातीचा एक गोळा पडला. फुटला तशा आत ओळीने खोल्या दिसल्या, आणि खोल्यांतून अर्धमेले कोळी. कुंभारीण माशी! त्या अख्ख्या विमानात मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटलं. देव्हाऱ्याच्या मागे, कुलपाच्या भोकात, तुळईच्या सांध्यात हीच बाई माती लिंपत असते आणि पोरांच्या शिदोरीला कोळी भरून ठेवते. तिच्यापायी आमच्या खोलीचं कुलूप एकदा दगडाने फोडावं लागलं होतं.

"इथे होती ते बरं," इंजिनिअर म्हणाला. पंखाखालच्या एका बारीक नळीला लाल टोपरं घातलं होतं, ते त्याने दाखवलं. त्या नळीतून विमानाचा वेग मोजतात. 1996 साली डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं मोठं विमान समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. तिथे वेगाच्या नळीत कुंभारणीचंच घर असावं असा संशय होता. मी धोतर झटकायचं विसरलो.

त्याने नळी कोरड्या फडक्याने पुसली, आतली झिजलेली फेल्टची रिंग बदलली, चारदा आतबाहेर करून पाहिली. मग वही काढून तारीख, काय सापडलं, काय केलं, परवाना नंबर आणि सही. मातीच्या एका गोळ्याला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदा पाहिला.

विमान उठलं आणि मी नळी ओढली. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा वर येतो, तो ज्या वाऱ्याने येतो तोच वारा सरळ तोंडावर आला. मांडीवरची टोपी मागच्या सीटवर गेली. पहिली दोन मिनिटं स्वर्ग. तीन हजार फुटांवर कान बधिर झाले, डोळ्यांतून पाणी आलं.

"मामा, फार होतंय का? ढकला आत."

ढकलतो तर नळी आत जाईना. नवीन रिंग, घट्ट बसलेली. पुन्हा इंजिनिअर, पुन्हा स्कूटर, पुन्हा दीड तास. मी भाच्याकडे पाहिलं. तो डावीकडे मान वाकवून खाली कुठलं तरी तळं शोधत होता.

मी एक दिली, जराशी तिरकी, कोपऱ्यावर. नळी निमूट आत गेली. वहीत त्याची नोंद नाही.