सोवळ्यातली ज्वारी

आमच्या सोलापूरकडे भाकरीवरून चपातीवर येणं ही घराण्याची बढती मानली जायची. आजोबांच्या ताटात चपाती यायची ती सणाला, नाहीतर जावई जेवायला असला तर. वडील नोकरीला लागले आणि घरात रोजची चपाती सुरू झाली. मी तर जन्मजात चपातीवाला. अशा माणसाला एका त्वचारोगतज्ज्ञाने एका चिठ्ठीनिशी आजोबांच्या श्रेणीवर परत पाठवलं.

रोगाचं नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. फिलाडेल्फियाच्या डॉ. लुई ड्यूरिंग यांनी १८८४ साली त्याचं वर्णन केलं, पण गव्हाशी असलेलं त्याचं लफडं उघडकीला यायला १९६०चं दशक उजाडलं. गहू, जव यांतल्या ग्लुटेनवर शरीर चिडतं, आयजीए नावाची प्रतिपिंडं तयार करतं आणि ती त्वचेत जाऊन बसतात. म्हणजे खायचं तोंडाने, बिघडायचं आतड्यात आणि तक्रार करायची कोपराने! कोपरं, गुडघे आणि बैठकीची जागा ही याची आवडती ठिकाणं. पहिल्या दोन जागा चारचौघांत खाजवता येतात. तिसरीसाठी मी मीटिंगमधून किती फोन घ्यायला बाहेर गेलो, ते फोन न करणाऱ्यांनाच ठाऊक.

निदानासाठी कातडीचा तुकडा काढतात, तोही फोडाचा नाही, फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा. चोरी एका फ्लॅटमध्ये आणि जबाब शेजाऱ्याचा, अशी ही तपासपद्धत. पण गुन्हेगार सापडतो.

मग डॅप्सोनची गोळी. ती सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करतात, कारण हे विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने भराभर फुटतात. इतरांच्याही थोड्याफार फुटतातच, म्हणून अधूनमधून रक्त देत राहायचं. ही गोळी मूळची कुष्ठरोगावरची म्हणून प्रसिद्ध. औषधाच्या दुकानातल्या काकांनी चिठ्ठी वाचली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हल्ली पूर्ण बरा होतो हो. लाजायचं नाही." इतक्या मायेने बोलले, की खुलासा करणं मला उद्धटपणाचं वाटलं. अजूनही भेटले की "बोटांना संवेदना आहेत ना?" विचारतात. आहेत म्हणतो.

गोळीने खाज दोन-तीन दिवसांत पळते. पथ्याचा गुण त्वचेवर दिसायला मात्र महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. शिवाय गोळी आतड्याला काही करत नाही. तिथे पथ्यच लागतं. हा हिशोब नातेवाइकांना पटवणं या आजाराचा सर्वांत अवघड भाग आहे. "गोळीनं बरं वाटतंय ना? मग खा की पुरणपोळी!" सत्यनारायणाचा रव्याचा शिरा नको म्हटलं, तर "प्रसादाला नाही म्हणू नये, चिमूटभरानं काय होतंय?" ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, ही माहिती मी हळदीकुंकवाच्या घोळक्यात एकदा दिली. पुन्हा नाही दिली.

चपाती सोडणं सोपं. गहू लपून बसतो तो हिंगात. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू. आणि गिरणीत तर काय, गव्हाच्या मागोमाग माझी ज्वारी दळली की संपलंच.

"आजारी आहे, जातं साफ करून दळा," असं मी गिरणीवाल्या अण्णांना विनवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ज्वारी गव्हावरच ओतली. पुढच्या खेपेला माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, "अण्णा, उपासाची भगर आहे हं!" अण्णा उठले. जातं उघडलं, झाडलं, फडक्याने पुसलं, पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढून टाकलं. जागतिक दर्जाची प्रयोगशाळा! मी तिथल्या तिथे धार्मिक झालो. आता त्या बाईंच्या पाठोपाठ नंबर लावतो आणि पिशवी पुढे करून म्हणतो, "अण्णा, सोवळ्यातली ज्वारी."

खरं तर उपासाचा सगळा स्वयंपाकच माझ्या बाजूचा. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, एकातही ग्लुटेन नाही, आणि फोडणी जिऱ्याची, हिंगाला मज्जाव. लग्नकार्यात "माझा उपास आहे" म्हटलं की वाढपी हात जोडतो आणि आतून वेगळ्या भांड्यातली खिचडी येते. "ऑटोइम्यून" म्हटल्यावर असं कधी झालं नव्हतं.

परवा आत्या सोलापुराहून आली. गिरणीत जाऊन आली आणि डोळे भरून माझ्याकडे बघत बसली.

"अण्णा सांगत होता. सोळा सोमवार धरलेत म्हणे. बोलला नाहीस कधी!"

"अगं आत्या, ते..."

"गप. उद्यापन मी करणार. पाच शेर कणकेचा चुरमा करते, चांगला तुपात भाजून. आणि पहिला घास तुझा."