आवडीनुसार, उपलब्धतेनुसार

पदवीच्या विद्यार्थ्याला आता कुणी हाताला धरून नेणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आपली वाट त्यानं आपणच आखायची आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही आखणी सुरू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी आणि व्हीईसी. शेवटची चार नावं न अडखळता सांगणाऱ्याला खरं तर तिथंच दोन क्रेडिट द्यायला हवीत.

ओपन इलेक्टिव्ह म्हणून भौतिकशास्त्रवाल्यानं संगीत घ्यावं, वाणिज्यवालीनं खगोलशास्त्र. कल्पना सुंदर आहे, ही चेष्टा नव्हे. पण तालुक्याच्या कॉलेजात तिची गाठ वेळापत्रक समितीशी पडते. संगीताला शिक्षक नाहीत, खगोलशास्त्राला वर्गखोली नाही. मग उरतो तो ज्या सरांचा वर्कलोड भरत नाही त्यांचा विषय, आणि अख्ख्या वर्गाला एकाच सकाळी त्याची ओढ लागते. वैयक्तिक आवडीत इतकं एकमत ग्रामसभेतसुद्धा होत नाही.

ओजेटीची, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग'ची, तऱ्हा न्यारी. चार क्रेडिट म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. गावात उद्योग म्हणायचा तर पतसंस्था, साखर कारखाना (हंगाम संपलेला) आणि मामाचं झेरॉक्स सेंटर. बी.कॉम.ची भाची मामाकडे बसते आणि उरलेल्या वर्गाचे ओजेटीचे अहवाल छापून, स्पायरल मारून देते. खरा उद्योग पाहिला तो तिनंच, तोही रोखीचा.

पूर्वी फी भरता आली नाही की शिक्षण सुटायचं. आता 'एक्झिट ऑप्शन' घेतला जातो. एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा. मात्र त्यासाठी जादा चार क्रेडिट मिळवायची. पैसे नाहीत म्हणून निघालेल्यानं जाता जाता एवढं उरकायला काय हरकत आहे? जमवलेली क्रेडिट बँकेत सात वर्षं राहतात. व्याज नाही.

या सगळ्या योजनेत खरा लवचीक माणूस एकच, तासिका तत्त्वावरचे सर. सकाळी एका गावी, दुपारी एसटीनं दुसऱ्या गावी, मिळेल तो विषय, मानधन येईल तेव्हा.

तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या वेळी ऑफिसात दोनच गोष्टी विचारा. ओपन इलेक्टिव्हला शिक्षक नेमलेत का? आणि त्यांना मागच्या वर्षाचं मानधन मिळालं का?