निम्मेकर

आमच्या सोसायटीत निम्मेकर आडनावाचं कुणीच राहत नाही. तरी चिंचवड स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला 'निम्मेकरांकडे' म्हटलं, की तो बरोबर आमच्या सी विंगच्या जिन्याशी आणून सोडतो. काकांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण कशाचीही किंमत ऐकली की ज्यांच्या तोंडून "निम्म्यात होईल!" हेच निघतं, त्यांना लोकांनी दुसरं काय म्हणावं? लिफ्टची दुरुस्ती निम्म्यात, गणपतीचा मांडव निम्म्यात. एकदा शेजाऱ्यांच्या बायपासचा खर्च ऐकूनही हात शिवशिवले होते म्हणतात, पण काकूंनी वेळीच डोळे वटारले.

काकांची नोकरी बॉयलरच्या कारखान्यात, वेल्डिंग तपासण्याची. जोडावर ग्रीस चोपडायचं, त्यावर प्रोब फिरवायचा आणि पडद्यावरच्या रेघेकडे बघायचं. पोलादातून गेलेला आवाज तड्यावर आपटून परत आला की रेघ उसळी मारते आणि जोड फेल होतो. वेल्डर त्यांना सासऱ्यासारखे वचकून असत. निवृत्त होताना कारखान्यातलं जुनं मशीन त्यांनी भंगाराच्या भावात घरी आणलं, आणि पुढचं सगळं महाभारत तिथून सुरू झालं.

काकूंची सोनोग्राफी होती. काका दारात उभं राहून बघत होते. जेल, प्रोब, पडदा! बाहेर आल्यावर त्यांनी आधी मशीनची किंमत विचारली, काकूंची तब्येत नंतर. "अगं, हे तर माझंच मशीन आहे. फक्त रंग पांढरा दिलाय, म्हणून एवढे लाख!"

पंचाईत अशी की यात ते खोटं बोलत नव्हते. १९५५ च्या जुलैत ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड दोन मोटारींच्या डिक्क्यांत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी भरून रेनफ्र्यूच्या एका बॉयलर कारखान्यात गेले होते. तिथल्या तडे शोधणाऱ्या यंत्रावर गाठी ठेवून पाहिल्या. तुलनेसाठी कारखान्यानं गोमांसाचा एक मोठा तुकडा पुरवला. द्रवानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांच्या रेघा वेगळ्या उमटल्या. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला आणि पोटाची सोनोग्राफी मार्गी लागली. काकांनी हे वाचलं त्या दिवशी सी विंगमध्ये पेढे वाटले गेले. डोनाल्डसाहेबांचा फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी लागला. देव्हाऱ्यात लावायचा होता, पण ते मांसाचं प्रकरण काकूंच्या कानावर गेलं होतं.

पहिला प्रयोग स्वतःच्याच पोटावर. पडद्यावर मोठी उसळी आली, खोली ७५ सेंटिमीटर! काका हबकले. काकूंना मात्र आकडा पटण्यासारखा वाटला. रात्री उलगडा झाला. यंत्र अजून पोलादावरच लावलेलं होतं. पोलादातून आवाज सेकंदाला ५,९२० मीटर धावतो, माणसाच्या मऊ अवयवांतून १,५४० मीटर. म्हणजे सगळं जवळजवळ चौपट खोल दिसणार. आकडा बदलून काकांनी पुन्हा पोट तपासलं आणि शेरा मारला, "क्रॅक नाही, पोरोसिटी नाही. पास."

मग सोनोग्राफीचा खर्च उतरवायची मोहीम निघाली. जेल महाग, म्हणून घरीच करायचं. आफ्रिकेत कसाव्याच्या पिठाचं जेल करून पाहिलेलं आहे, आणि आपला साबुदाणा कसाव्याचाच. चतुर्थीच्या सकाळी काकूंनी डबा उघडला, तर साबुदाणा पोटावर चोपडून संपलेला! सरावासाठी खोटं पोटही हवं होतं. जिलेटिनच्या वडीत इसबगोल कालवला की ती पडद्यावर मांसासारखी रवाळ दिसते, ही युक्ती शिकाऊ डॉक्टरही वापरतात. काकांनी आत गाठी म्हणून द्राक्षं सोडली. पण इसबगोल पाटीलआजोबांच्या कपाटातला होता. त्या आठवड्यात आजोबा कुणाशी धड बोलले नाहीत.

त्यांची एक्सेल शीट मी पाहिली आहे. स्फटिक, केबल, जुना मोबाइल, पेटी, बेरीज, आणि बेरजेच्या निम्मे. काकांच्या यंत्रात स्फटिक एकच, त्यामुळे दिसते ती एक रेघ. चित्र हवं तर शंभर-सव्वाशे स्फटिक ओळीनं बसवून प्रत्येकाला सेकंदाच्या लक्षांश-कोट्यंश भागांनी मागेपुढे वाजवावं लागतं, आणि परतलेले आवाज तितक्याच काटेकोरपणे जुळवावे लागतात. खरा पैसा तिथं जातो. यावर काकांकडे उत्तर तयार असतं: २०१८ मध्ये अमेरिकेत स्फटिकांऐवजी एका चिपवर हजारो सूक्ष्म पडदे बसवलेला प्रोब दोन हजार डॉलरांच्या आत विकायला आला, तो मोबाइलला जोडतात. हेही खरंच. पण शीटमध्ये शेवटची ओळ होती, 'बघणारा', आणि समोर खर्च शून्य. ठोकळ्यावर यंत्र जुळवून घेतल्याशिवाय ज्यांनी उभ्या हयातीत एका जोडाला हात लावला नाही, त्यांनी हे लिहावं!

बेत होता तो आरोग्याच्या कामासाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत हे यंत्र देण्याचा. तो वकीलबाईंच्या दारात अडला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा; केंद्राचा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. आपल्याकडे हे यंत्र हलकं आणि स्वस्त होणं मुलींच्या जिवावर बेतलं. म्हणून नोंदणी नसलेल्याला हे मशीन विकताही येत नाही. "आधी आशाताई आत जाईल, मग तुम्ही," बाई म्हणाल्या. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत. काकांच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता, बाईंचा चेहरा बघून तो परत गेला.

गेल्या महिन्यात काकांच्या पोटात कळ आली. टेबलावर आडवे झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, "किती मेगाहर्ट्झ? साडेतीन? आमच्याकडे चार होते."

"श्वास रोखा," डॉक्टर म्हणाल्या.

"त्याला सॉफ्टवेअर—"

"काका, तुम्ही बोललात की चित्र हलतं."

पित्ताशयात पाच मिलिमीटरचा खडा निघाला. काकू घाबरल्या. काकांनी रिपोर्ट हातभर लांब धरून दोनदा वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि जाहीर केलं, "इन्क्लूजन आहे. पण ॲस्मे कोडप्रमाणे एकोणीस मिलिमीटरच्या प्लेटला सहापर्यंत चालतं. हा पाचच आहे. पास!"