आमचं वॉटरगेट

अमेरिकेत घोटाळा झाला की त्याच्या नावामागे ‘गेट’ बसवतात. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण सापडले. दाराच्या कुलपावरची चिकटपट्टी रखवालदाराला दिसली म्हणून. पुढे घोटाळ्यांना ‘गेट’ चिकटवण्यात आघाडीवर कोण, तर विल्यम सफायर. म्हणजे त्या प्रकरणात अडकलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सनचेच माजी भाषणलेखक!

ही साथ आपल्याकडेही आली. २००८ साली क्रिकेटमधल्या हरभजन-सायमंड्सच्या भांडणाचं ‘मंकीगेट’ झालं, २०१२ साली कोळसा खाणवाटपाचं ‘कोलगेट’. ज्यांच्या आज्ज्या कोळशानेच दात घासायच्या, त्यांना हे नाव लगेच पटलं. पुणेकरांची मात्र पंचाईत आहे. उद्या स्वारगेटला काही भानगड झाली, तर ‘स्वारगेटगेट’ म्हणायचं का?

आम्हा मांजरीकरांचं गेट म्हणजे रेल्वेचं फाटक. ‘गेट पडलं होतं’ एवढं म्हटलं की उशिराचं कारण कुणी विचारत नसे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे शहरात आलं. आमच्या सोसायटीत पाणी मात्र मेन गेटमधून येतं, टँकरने. म्हणजे खरंखुरं वॉटर गेट आमच्याचकडे.

आणि जिथे वॉटर गेट, तिथे प्रकरण आलंच. टँकरचं बिल फुगलं म्हणून आम्ही वॉचमनचं रजिस्टर मागवलं. तारीख, वेळ, गाडी नंबर, सगळं चोख. फक्त चार वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात आणि ‘पाटील’मधली ‘टी’ सगळीकडे ऱ्हस्व. निक्सनच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली होती. आमच्या सीसीटीव्हीत अख्खी रात्रच नव्हती.

मीटिंग तापली. ‘राजीनामा द्या!’ मागून कुणीतरी ओरडलं. चेअरमनकाकांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘घ्या. यात टँकरवाल्याचा नंबर आहे. रात्री दोनला टाकी संपली की फोन तुम्ही करायचा.’ सगळे समोशांकडे वळले. बिल एकमताने मंजूर झालं. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन गेले. आमचे काका बिनविरोध राहिले.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही सोसायटीत टँकरचं रजिस्टर एकदा मागून बघा. लगेच हातात ठेवलं, तर तुम्ही भाग्यवान. ‘उद्या या’ म्हणाले, तर सोसायटीच्या नावामागे ‘गेट’ लावायला हरकत नाही.