डुकरांसोबत पोहा!

बहामातल्या एक्झुमा बेटांवर पर्यटक पैसे मोजून डुकरांसोबत समुद्रात पोहतात. डुकरं होडीपर्यंत येतात, खाऊ मागतात, फोटो काढू देतात. आमच्या मोर्शीत वन्यजीव-दर्शन फुकट आहे, तेही वावरपोच. रात्री हरभऱ्यात रानडुकरांचा कळप, पहाटे संत्र्याच्या नव्या कलमांवर रोही. टॉर्च आपला, फटाके आपले, जागलीही आपलीच. इथलं डुक्कर फोटोसाठी थांबत नाही, सरळ अंगावर येतं. म्हणजे अनुभव अधिक अस्सल.

समुद्र नाही म्हणता? सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे की! सरकारी नावच नल-दमयंती सागर. पावसाळ्यात 13 दारं उघडू लागली की अमरावतीहून गाड्या सुटतात. नारळपाण्याऐवजी भाजलेला भुट्टा, बिकिनीऐवजी रेनकोट, आणि पोहायला सक्त मनाई. (सेल्फीला नाही, दुर्दैवाने.) कंटाळलात तर सालबर्डीचा महादेव आहे, तिथं डोंगर चढताना अर्धा मध्यप्रदेशही होऊन जातो.

खरं साहसी पर्यटन हवं असेल तर मात्र रब्बीत या. मुक्काम मचाणावर, सकाळी काळा चहा, आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरण्याचा थरार पॅकेजमध्येच धरलेला. परतीची तारीख तेवढी विचारू नका.