चवड्यावरचे चवडेकर

शोरूममध्ये टूरिंग मोटरसायकलवर पहिल्यांदा बसलेला माणूस मीटर बघत नाही, टाकीवरून हात फिरवत नाही, किंमतही विचारत नाही. तो खाली बघतो. खाली चकचकीत फरशी असते, फरशीवर बुटांची पुढची दोन टोकं असतात आणि टाचा अधांतरी. नेमक्या त्याच क्षणी सेल्समन म्हणतो, "सर, सवयीने होतं." तोवर या गृहस्थांना आपण बुटके असल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. पाच फूट चार इंच ही महाराष्ट्रात चारचौघांत खपून जाणारी उंची आहे. एसटीतल्या दांडीला हात पोचतो, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहिलं तरी चेहरा दिसतो, लग्नाच्या वेळी कुणी उंचीवरून स्थळ नाकारलेलं नसतं. बुटकेपणा त्यांना गाडीसोबत मिळतो, तोही एक्स-शोरूम किमतीत. विमा आणि नोंदणी वेगळी. या मंडळींना आपण चवडेकर म्हणू. लडाख, स्पिती किंवा गेलाबाजार ताम्हिणी घाट डोक्यात घेऊन ते गाडी घेतात, आणि पहिल्या महिन्यात फक्त एकाच प्रश्नाचा पाठलाग करतात: ही खाली कशी आणायची?

आता आकडे पाहू, कारण चवडेकरांना ते पाठ असतात. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर, क्लासिक ३५० ची ८०५ वर, नव्या हिमालयन ४५० ची ८२५ वर. आपल्या चाकणच्या कारखान्यातून २०२० साली बाहेर पडलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची तर थेट ८५५ वर. म्हणजे स्प्लेंडर आणि हिमालयन यांच्यात फरक किती, तर चार सेंटीमीटर. एवढ्यासाठी माणूस रात्रीचा जागतो हे बायकोला पटत नाही. पण सीटची उंची हे अर्धंच सत्य आहे. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायांची जी काही लांबी आहे तीही कडेकडेनेच संपते. दुसरं असं, की कंपनीचा आकडा गाडीवर कुणी बसलेलं नसतानाचा असतो. माणूस बसला की स्प्रिंग दबते आणि गाडी थोडी खाली येते; नव्वद किलोच्या माणसाखाली बरीच, अठ्ठावन्न किलोच्या चवडेकरांखाली जेमतेम. सहा फुटी धिप्पाड माणसाला गाडी वाकून नमस्कार करते आणि ज्याला गरज आहे त्याच्यापुढे ताठ उभी राहते. हा अन्याय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र ही उंची कंपनीने कुणाला खिजवायला ठेवलेली नाही. हिमालयन ४५० ची चाकं खड्ड्यात २०० मिलिमीटर वरखाली होतात आणि पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा राहते. ही जागा सोडायची तर बसणाऱ्याला वर जावंच लागतं. चवडेकरांनी गाडी घेतली ती याच गुणासाठी, आणि आता त्यांना तो गुणच कापून हवा आहे. हे सगळं कशासाठी? गाडी चालताना पाय जमिनीला लागत नाहीत, लागूही नयेत. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या माणसाची उंची गाडीला कळत नाही. पायाची गरज पडते ती थांबताना, त्या शेवटच्या दोन सेकंदांत. माझं म्हणणं एवढंच आहे, की चवडेकरांचा खरा प्रश्न उंचीचा नाही, थांबण्याचा आहे. आणि थांबण्याच्या प्रश्नावर ते धावणारी गाडी बदलून उत्तर शोधतात.

चवडेकर थांबतात कसे, हे एकदा सिग्नलवर निरखून बघावं. दिवा पिवळा होतो न होतो तोच त्यांची नजर दिव्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला जाते. फुटपाथ कुठे उंच आहे, पेव्हर ब्लॉक कुठे खचलाय, ड्रेनेजचं झाकण कुठे आहे, याची पाहणी होते. फुटपाथला खेटून, डावा पाय अलगद कडेवर ठेवून ते असे उभे राहतात की जन्मजात सहा फुटी वाटावेत. त्या जागेवर आधीच रिक्षा उभी असली की चेहरा पडतो. मग डावा चवडा हवेत चाचपडू लागतो. त्यात आपल्याकडे वाहतूक डावीकडून आणि रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मधून कडेला उतरता. म्हणजे जो पाय टेकायचा त्याच पायाखालची जमीन खाली गेलेली. शहरातले कुठले सिग्नल चढावर आहेत हे त्यांना वाहतूक पोलिसापेक्षा नेमकं ठाऊक असतं. इतरांना त्या रस्त्यावर वडापावची गाडी आठवते, यांना उतार.

मग उपाय सुरू होतात. प्रथम जाड तळव्याचे बूट. मग सीटवाला: रेक्झिन उसवून फोम दीड इंच खरवडून घेतला जातो. पाय थोडे आणखी पोचतात, पण दोनशे किलोमीटरनंतर सीटखालचं प्लॅस्टिक थेट माकडहाडाशी बोलू लागतं. शेवटी गॅरेज. हिमालयनच्या मागच्या शॉकअपला चाकाच्या दांडीशी जोडणाऱ्या दोन छोट्या लिंक असतात. त्या काढून किंचित लांब लिंक घातल्या की गाडीची मागची बाजू इंचभर बसते. (त्या ३९० ॲडव्हेंचरला अशी लिंकच नाही, शॉकअप थेट दांडीला, तिथे शॉकअपलाच हात घालावा लागतो, म्हणून तिचे चवडेकर जास्त खिन्न असतात.) गाडी जॅकवर, मेकॅनिक खाली आडवा, आणि मालक उकिडवे बसून प्रत्येक नटाकडे मुलीच्या पाठवणीच्या नजरेने बघत असतात. लिंक बसतात, जॅक निघतो, चवडेकर चढून बसतात. दोन्ही तळवे जवळजवळ टेकलेले! मेकॅनिक विचारतो, "अजून थोडी घेऊ का?" या प्रश्नाला नाही म्हणणारा चवडेकर विरळा.

यानंतरचं गणित मात्र गॅरेजच्या बिलात लिहिलेलं नसतं. मागची बाजू बसली आणि पुढची तशीच राहिली की गाडीचं नाक वर होतं. पुढचा फोर्क जास्त कलतो, हँडल आळशी होतं, घाटातल्या वळणावर गाडी आत वळायला आढेवेढे घेते. रात्री हेडलाइट रस्ता सोडून समोरच्या ट्रक ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. तो शिव्या देतो त्या उंचीबद्दल नसतात, हे चवडेकरांना कसं कळावं? म्हणून पुढूनही तेवढंच खाली यायला हवं: क्लॅम्पचे बोल्ट सैल करून फोर्कच्या नळ्या वर सरकवायच्या, तेही चाक पुरतं दबल्यावर मडगार्ड वर आदळणार नाही इतकंच. चेनचा ताण पुन्हा तपासायचा. आणि या सगळ्यात जो विसरतो तो साइड स्टँड. गाडी इंचभर खाली आली, स्टँड होता तेवढाच लांब राहिला, त्यामुळे गाडी कलायचं सोडून शाळेतल्या कवायतीतल्या पोरासारखी सावधान उभी. शेजारून टेम्पो जोरात गेला तरी उजवीकडे आडवी व्हायला ती मोकळी. मग स्टँड कापून वेल्डिंग. डबल स्टँड असेल तर गाडी त्यावर चढवायला दोन माणसं बोलवा. २३० चे २०० झाल्यावर गावागावांतले मनमानी गतिरोधक पोटाला घासायला लागतात, आणि टूरिंगची गाडी गावातले गतिरोधक टाळून कोकणात उतरू शकत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पाय नीट टेकले नाहीत तर गाडी पडेल, आणि सुमारे १९६ किलोचं धूड पायावर पडलं तर तत्त्वज्ञान कामाला येणार नाही. मान्य. पण दोन्ही चवड्यांवर तोललेली गाडी हीच सर्वांत डळमळीत असते, कारण तिला कुठल्याच बाजूने खरा आधार नसतो. त्यापेक्षा ढुंगण सीटवरून थोडं डावीकडे सरकवावं, डावा तळवा पुरता टेकावा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. गाडी जवळजवळ सरळ राहते, वजन तिच्या चाकांवरच राहतं, आणि चढावर ती मागे घरंगळत नाही. ती एका मर्यादेपलीकडे कलली की सहा फुटी माणसालाही आवरत नाही. लांब पाय फक्त पडण्याची वेळ थोडी पुढे ढकलतात. दानी पेद्रोसा जेमतेम पाच फूट तीन इंचांचा. त्याने मोटोजीपीच्या सर्वोच्च गटात ३१ शर्यती जिंकल्या. चवडेकर यावर लगेच म्हणतील की मोटोजीपीत हडपसरचा सिग्नल नसतो, म्हैस आडवी येत नाही. बरोबर आहे. म्हणून तर सराव मोकळ्या मैदानात करायचा, हडपसरला नाही. एका सुट्टीच्या सकाळी होणारं काम आहे, आणि त्याला पाना लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो मागच्या सीटवर बसतो. सौभाग्यवती बसल्या की स्प्रिंग दबते आणि गाडी आपोआप दोन बोटं खाली येते. याहून स्वस्त लोअरिंग बाजारात नाही. पण त्या बसेपर्यंतचं काय? त्या एका फुटरेस्टवर पाय देऊन चढतात तेव्हा सगळं वजन एका बाजूला, आणि चवडेकर दात-ओठ खात म्हणत असतात, "थांब, मी सांगेपर्यंत चढू नकोस... आता चढ... अगं, हळू!" इथे एका पायाची विद्या खरंच अपुरी पडते, हे कबूल करायला हवं. अशांसाठी स्प्रिंग आपल्या वजनाला साजेशी सैल करून घ्यावी, कंपनीची लो सीट घ्यावी. हिमालयन ४५० ची तशी सीट ८०५ पर्यंत आणते. पुढे रुंदी कमी केलेली सीट फोम उडवण्यापेक्षा शतपटींनी बरी. एवढ्यावरही भागलं नाही तर लिंक घालाव्यात, पण पुढून-मागून सारख्या मापाने, दिवा आणि स्टँड विसरू नये. कंपन्यांचाही दोष आहेच. युरोपातल्या लांब टांगा नजरेसमोर ठेवून गाडी आखायची आणि ती विकायची सांगली-सोलापुरात, असं बरीच वर्षं चाललं. गाडी चालवणाऱ्या बायकांचा तर तेव्हा कुणी विचारच केला नव्हता. त्यातल्या कित्येकींनी तक्रार न करता डावा पाय टेकून लेह गाठलं.

तरीही बहुतेक चवडेकर क्रम उलटा लावतात: आधी लिंक, शेवटी सराव. कारण सुरक्षितता हे त्यांचं जाहीर कारण असलं तरी खरं कारण शेजारी स्कूटरवर दोन्ही पाय सपाट टेकून उभे असलेले काका आहेत, जे वर बघून आपुलकीने विचारतात, "पाय पुरतात का हो?" एका बाजूला सरकून थांबणं यांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचं असलं तरी काकांना ते नाइलाजाचं वाटेल, अशी धास्ती असते. म्हणून काकांच्या समाधानासाठी गाडीचा फोर्क, शॉकअप, दिवा आणि स्टँड असं सगळं बदललं जातं. काका तोवर हिरवा दिवा बघून निघून गेलेले असतात.

दोन वर्षांनी गाडी विकायला निघते. जाहिरातीत लिहिलेलं असतं: एकहाती वापर, लेह एकदा, लोअर केलेली, मूळ लिंक आणि सीट सोबत मिळेल. बघायला नेमका सहा फुटी गिऱ्हाईक येतो, गुडघे टाकीला लावून बसतो आणि विचारतो, "पुन्हा वर करता येईल ना?" चवडेकर उत्साहाने सांगतात की अर्ध्या तासाचं काम आहे. मग तो उतरतो, साइड स्टँड लावतो, त्यावरची वेल्डिंगची गाठ अंगठ्याने चाचपतो आणि किमतीतून तीन हजार कमी करायला सांगतो.