लिलावोत्सुक गृहस्थ

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम, पवनार, आर्वी, हिंगणघाट या टापूत एक असा मनुष्यप्रकार आढळतो, की ज्याची गणना ना संग्राहकांत करता येते ना व्यापाऱ्यांत. कारण संग्राहक विकत घेतो आणि व्यापारी विकतो, तर हा गृहस्थ या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळून केवळ भावावर लक्ष ठेवून असतो. त्याला ‘लिलावोत्सुक’ म्हणणे सोयीचे होईल. तो सहसा निवृत्त असतो, घर वडिलोपार्जित असते, आणि माळ्यावर दोन कंदील, पितळेचे घंगाळ, अडकित्ता, शेर-पायलीची मापे, हँडल हरवलेला ग्रामोफोन आणि नाण्यांची एक पुरचुंडी असा ऐवज असतो. या ऐवजाला घरातील इतर मंडळी ‘अडगळ’ म्हणतात, आणि भंगारवाला तर दारातूनच वजन विचारतो.

लिलाव म्हणजे काय याचे त्याचे ज्ञान बाजार समितीच्या आवारातून आलेले आहे. त्यामुळे परदेशी लिलावगृहांची परिभाषा तो आपल्या पद्धतीने लावून घेतो. ‘राखीव किंमत’, म्हणजे ज्या रकमेच्या खाली मालक वस्तू सोडत नाही ती रक्कम, त्याला चटकन समजते, कारण पडत्या भावात कापूस घरी परत नेणारे शेतकरी त्याने पाहिलेले असतात. आणि लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीवर काही टक्के जे अधिमूल्य घेते, त्याला तो ‘तिकडची अडत’ म्हणून मोकळा होतो. ही व्याख्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा स्वच्छ आहे.

या वृत्तीला वर्धा जिल्ह्यात जो बहर आला, त्याचे कारण उघड आहे. ज्या माणसाने अपरिग्रहाचे, म्हणजे गरजेपेक्षा अधिक काहीही जवळ न बाळगण्याचे व्रत घेऊन १९३६ मध्ये या जिल्ह्यातील शेगाव या खेड्यात (पुढे १९४० मध्ये सेवाग्राम) मुक्काम केला, त्याच्याच मोजक्या वस्तूंना जगाच्या बाजारात मोठा भाव येऊ लागला. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँटिकोरम या लिलावगृहात गांधीजींचा चष्मा, चपला, झेनिथ कंपनीचे घड्याळ आणि ताट-वाटी असा संच १८ लाख डॉलरना गेला, आणि तो घेणारे गृहस्थ मद्यव्यवसायातील विजय मल्ल्या होते. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात ही बातमी कोणत्या चेहऱ्याने वाचावी, हा प्रश्न अनेकांना पडला. लिलावोत्सुकाला पडला नाही, कारण तो तोवर कागदावर डॉलरचे रुपये करण्यात गुंतला होता. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये गांधीजींचा येरवडा तुरुंगातील चरखा १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला, तेव्हा जिल्ह्यातील किती माळ्यांवरून पेटी-चरखे खाली उतरले याची मोजदाद झालेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टलजवळच्या एका लिलावगृहाच्या पत्रपेटीत कोणी लिफाफ्यात घालून टाकलेला गांधीजींचा चष्मा १५ हजार पौंडांच्या अंदाजावरून २ लाख ६० हजार पौंडांवर पोचला, आणि त्यानंतर काही काळ या गृहस्थांच्या घरी आजोबांच्या चष्म्याला हात लावण्याची कोणाला मुभा नव्हती. सेवाग्रामच्या आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. लिलावोत्सुकाला मात्र त्या चोरीचा खेद जेवढा होतो, त्याहून अधिक चोराच्या बाजारज्ञानाविषयी आदर वाटतो.

लिलावगृहे किंमत ठरवताना वस्तूच्या मालकीचा अखंड इतिहास मागतात, म्हणजे ती कोणाकडून, कधी आणि कशी हाती आली याचा पुरावा मागतात. येथे आपल्या गृहस्थाची प्रतिभा खरी फुलते. “बापूजी ह्याच खुर्चीवर बसले होते न भाऊ,” हे वाक्य तो ज्या खात्रीने उच्चारतो, तिच्यापुढे कागदी पुरावा खुजा वाटतो. अडचण एवढीच, की तपशील मागितला असता तो १९४३ सालचा पावसाळा सांगतो, आणि गांधीजी ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. ही विसंगती दाखवून दिल्यास तो डगमगत नाही. खुर्ची १९३९ मध्ये जाते आणि पावसाळा जागच्या जागी राहतो. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते परतले नाहीत, त्यामुळे सरकवासरकवीला मागे भरपूर वाव असला तरी पुढे फारसा नाही.

नाण्यांच्या पुरचुंडीविषयी थोडक्यात सांगणे बरे. तिच्यातील सर्वांत जपलेले नाणे रामदरबाराचे असते, त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल असते, आणि कंपनीने असे नाणे कधीच पाडलेले नसते. शेजारीच एखादा १८३५ चा विल्यम राजाचा खरा चांदीचा रुपया निमूट पडलेला असतो. पण त्यावर देव नसल्यामुळे त्याला मान नाही.

कायद्याशी त्याचे नाते सावध असते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू, आणि हस्तलिखित किंवा ऐतिहासिक मोलाचा कागद असल्यास पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा, ‘पुरावशेष’ ठरतो, आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे वस्तू जुनी नसल्यास लंडनवाले घेणार नाहीत आणि जुनी असल्यास ती लंडनला जाणार नाही. या पेचाला तो अन्याय म्हणतो. वास्तविक तोच त्याचा तारणहार आहे, कारण त्यामुळे वस्तूची परीक्षा कधीच होत नाही. त्याआधीचा, १८७८ चा गुप्तधनाचा कायदा तर जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगतो, आणि दहा रुपयांत आजकाल चहा येतो, हे तो प्रत्येक श्रोत्याला ऐकवतो.

पवनारचे नाव निघाले की तो अस्वस्थ होतो. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच असे मत मांडले, आणि धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील भरत-राम भेटीचे मानले गेलेले शिल्प विनोबांनी तेथेच मंदिर करून बसवले. राखीव किंमत नाही, बोली नाही, अडत नाही! लिलावोत्सुकाच्या मते हा व्यवहार नीट झाला नाही, आणि हे मत तो मंदिरात हात जोडून झाल्यावर, चपला घालता घालता व्यक्त करतो.

घरातील दुसऱ्या पक्षाचा उल्लेख राहून जाऊ नये. घंगाळाच्या विलायती किमतीवर व्याख्यान चालू असता आतून शांतपणे उत्तर येते, “तुमचे लंडनवाले आले का सांगजा, तवरक मी त्यात गहू ठिवतो.” खरे मोलाचे असे तांब्याच्या हंडे-कळशीचे भांडवल या पक्षाने पूर्वीच मोडीत देऊन स्टीलचे डबे आणले असल्याची कुजबुज असते.

एप्रिल २०२५ मध्ये मात्र या गृहस्थाचे भाग्य फळफळले. लंडनच्या सदबीज या लिलावगृहातून नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. युरोपीय पात्याची, ‘फिरंग’ या जातीची, देवनागरीत मालकाचे नाव कोरलेली ही तलवार सेनासाहेबसुभा या पदवीच्या धन्याची. आणि वर्धा जिल्हा १८६२ पर्यंत नागपूर जिल्ह्याचाच भाग असल्यामुळे, आपल्या घरातली कट्यारही त्याच दरबारातली ठरते, असा त्याचा सिद्धांत आहे. नागपूरच्या एका जाणकाराने ती पाहण्याची तयारीही दाखवली. परंतु कट्यार घरी नव्हती. लग्नसराई असल्यामुळे ती टोकाला लिंबू खोचून आर्वीच्या एका नवरदेवाच्या हाती गेली होती, आणि तिच्यासाठी पुढच्या तीन लग्नघरांनी आधीच नंबर लावला होता.